मोठ्या चर्चची साउंड सिस्टीम: या चुका टाळा

वसईतल्या एखाद्या जुन्या, उंच छताच्या चर्चमध्ये रविवारच्या मिस्साला शेवटच्या बाकावर बसून बघा. गायन छान ऐकू येतं, पण प्रवचन सुरू झालं की आवाज भरपूर असूनही शब्द कळत नाहीत. तक्रारी वाढतात, समितीची बैठक बसते आणि मोठे स्पीकर आणायचं ठरतं. पहिली चूक इथेच होते.

अशा चर्चमध्ये आवाज कमी नसतो, घुमारा जास्त असतो. दगडी भिंती, फरशी आणि उंच छत आवाज शोषून घेत नाहीत. एक अक्षर उच्चारलं की ते दोन-तीन सेकंद घुमत राहतं आणि तेवढ्यात पुढची दहा-बारा अक्षरं त्यात मिसळतात. आवाज वाढवला की घुमाराही तितकाच वाढतो. म्हणून वेदीच्या दोन बाजूंना दोन मोठे खोके टांगून व्हॉल्यूम चढवला, तर पुढच्या बाकांवरच्यांचे कान दुखतात आणि मागच्यांचा प्रश्न तसाच राहतो.

माइक नव्हते तेव्हाच्या लोकांनी यावर काय केलं ते जुन्या गोव्यात पाहता येतं. १६०५ साली अर्पण झालेल्या बॉम जेझू बॅसिलिकेत प्रवचनाचा लाकडी मंच वेदीपाशी नाही. तो दक्षिणेकडच्या भिंतीवर, लोकांच्या मधोमध, उंचावर आहे आणि त्याच्या डोक्यावर छत्री आहे. बोलणाराच ऐकणाऱ्यांजवळ आणला होता. आज स्पीकरचंही तेच करायला हवं. खांबांवर किंवा बाजूच्या भिंतींवर थोड्या थोड्या अंतराने सडपातळ कॉलम स्पीकर लावा आणि त्यांचं तोंड बाकांकडे किंचित खाली झुकवा. कॉलम स्पीकरचा आवाज आडवा पसरतो, वर-खाली फारसा जात नाही, त्यामुळे छत कमी घुमतं.

पण असे स्पीकर लावून डिले न देणं, म्हणजे मागच्या स्पीकरचा आवाज मुद्दाम किंचित उशिरा न सोडणं, ही दुसरी मोठी चूक. विजेचा सिग्नल तारेतून लगेच पोचतो, आवाजाला मात्र हवेतून ३० मीटर जायला साधारण ८७ मिलिसेकंद लागतात. मागचा स्पीकर आधी बोलतो, पुढचा आवाज नंतर येतो आणि प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. प्रत्येक ओळीतल्या स्पीकरचं पुढच्या स्पीकरपासूनचं अंतर टेपने मोजा, मीटरमागे सुमारे ३ मिलिसेकंद धरा आणि वर आणखी १०-१५ द्या. मग आवाज वेदीकडूनच आल्यासारखा वाटतो. हे काम साउंडवाल्याने तुमच्यासमोर करून दाखवलं नाही, तर शेवटचा हप्ता थांबवा.

माइकमुळे स्पीकरमधून शिट्टी येते तेव्हा लोक इक्वलायझरकडे, म्हणजे आवाजाचे वेगवेगळे पट्टे कमी-जास्त करणाऱ्या यंत्राकडे धावतात. आधी मिक्सरवर किती माइक उघडे आहेत ते मोजा. बायबल वाचणाऱ्या वाचकाचा, फादरांचा, वेदीवरचा आणि क्वायरचे (गायकवृंदाचे) चार असे सगळे कायम चालू असतात. उघडे माइक दुप्पट झाले की शिट्टी येण्याआधी आवाज वाढवायला मिळणारी सवलत ३ डेसिबलने घटते. ज्याची पाळी नाही त्याचा माइक बंद ठेवा. वाचकालाही माइकजवळ उभं राहायला शिकवा. तोंड आणि माइक यांतलं अंतर निम्मं केलं की ६ डेसिबल फुकट मिळतात, कुठलंही महागडं यंत्र न घेता. बोलण्याच्या माइकवर १०० हर्ट्झच्या खालचा भाग कापून टाका. दगडी इमारतीत सर्वात जास्त घुमतो तो हाच.

मिक्सर सॅक्रिस्टीत, म्हणजे फादरांच्या तयारीच्या खोलीत ठेवण्याची पद्धत तर सोडूनच द्या. भिंतीआड बसलेल्या मुलाला लोकांना काय ऐकू येतंय ते कळणार कसं? त्याची जागा बाकांमध्ये, मागच्या तिसऱ्या हिश्श्यात हवी.

चाचणी घेताना दोन गोष्टी हमखास चुकतात. पहिली, रिकाम्या चर्चमध्ये सेटिंग पक्कं करतात. माणसं आणि त्यांचे कपडे भरपूर आवाज शोषतात, त्यामुळे भरलेल्या मिस्सात तेच चर्च वेगळं वागतं. अंतिम सेटिंग रविवारी करा, पंखे चालू असताना. दुसरी म्हणजे ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ म्हणून चाचणी घेतात. ती प्रार्थना सगळ्यांना पाठ असते, न ऐकू आलेले शब्द मन आपोआप भरून काढतं. त्याऐवजी लग्नाच्या घोषणांसारखी अनोळखी नावांची यादी वाचायला लावा आणि शेवटच्या बाकावर एखाद्या वयस्कर बाईंना ती लिहून काढायला सांगा. दहापैकी नऊ नावं बरोबर आली तर पैसे द्या.

सतत ‘हं’ असा आवाज येत असेल तर तो बहुधा अर्थिंगचा घोळ असतो. मिक्सर एका सॉकेटवर आणि अॅम्प्लिफायर दुसऱ्या टोकाच्या सॉकेटवर असला की असं होतं. दोन्हींना एकाच बोर्डावरून वीज द्या. तो आवाज घालवायला प्लगची अर्थ पिन मात्र कधीही तोडू नका, माइकला हात लावणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं.