किशोरवयातला ॲस्पर्जर कसा ओळखावा: काय पाहायचं, काय लिहून ठेवायचं, कुठे जायचं

आधी नावाचा घोळ सोडवू. व्हिएन्नातले बालरोगतज्ज्ञ हान्स ॲस्पर्जर यांनी १९४४ साली चारचौघांत मिसळणं अवघड जाणाऱ्या मुलांचं वर्णन केलं आणि १९८१ मध्ये लोर्ना विंग यांच्या लेखामुळे ‘ॲस्पर्जर सिंड्रोम’ हे नाव रुळलं. २०१३ पासून अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत हे वेगळं निदान उरलेलं नाही. ते ऑटिझम स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे स्वमग्नतेतच धरतात. डॉक्टरांच्या कागदावर दुसरंच नाव दिसलं तर गोंधळू नका. जुन्या व्याख्येतली एक खूण मात्र आजही कामाची आहे. या मुलांना बोलायला उशीर झालेला नसतो: दोन वर्षांपर्यंत सुटे शब्द, तीनपर्यंत छोटी वाक्यं. त्यामुळे लहानपणी शंका येतच नाही, उलट ‘किती मोठ्यांसारखं बोलतो’ असं कौतुक होतं.

मग तेरा-चौदाव्या वर्षी बिघडतं काय? पकडापकडीचे नियम ठरलेले असतात. आठवी-नववीतली मैत्री मात्र टोमण्यांवर, नजरेच्या खुणांवर, व्हॉट्सॲप ग्रुपवर कोण गप्प झालं यावर चालते, आणि हे नियम कुणी शिकवत नाही. बाकीची मुलं ते आपोआप उचलतात. या मुलाला ते उचलता येत नाहीत आणि आधीपासून असलेली अडचण आता उघडी पडते.

सगळ्यात जास्त कळतं ते बोलण्यातून, म्हणून तिथे कान द्या. शेजारच्या काकूंनी फोनवर ‘आई आहे का रे?’ विचारलं की ‘आहे’ म्हणून फोन ठेवून देणं. बाईंनी चिडून ‘वा, फारच शहाणा आहेस!’ म्हटलं तर ‘थँक्यू’ म्हणणं. घरगुती गप्पांतही ‘परंतु’, ‘त्यामुळे असे झाले की’ अशी पुस्तकी मराठी. आवाजाची पट्टी एकसुरी किंवा जागेला न शोभेल इतकी मोठी. आवडत्या विषयावर वीस मिनिटं बोलत राहणं आणि समोरचा दोनदा घड्याळ बघतोय हे ध्यानात न येणं. एखाद-दुसरा प्रसंग कुणाच्याही घरी घडतो. समजावून सांगितल्यावरही तीच चूक नव्या माणसासमोर, नव्या ठिकाणी परत होते का, हे पाहा.

आवडीबाबत आई-बाबांची हमखास फसगत होते. मुंबईत लोकलवेडी मुलं पुष्कळ. सीमेन्सची गाडी कुठली आणि मेधाची कुठली हे आवाजावरून सांगणारा प्रत्येक जण स्वमग्न नसतो. विषय कोणता यापेक्षा पकड किती हे महत्त्वाचं. त्या विषयाशिवाय गप्पा सुरूच करता येत नाहीत, मध्येच थांबवलं तर ताबा सुटतो, जेवण आणि झोप मागे पडते, तर नोंद करा. मुलींमध्ये विषय चारचौघींसारखा असू शकतो, एखादी मालिका, मांजरं, कोरियन गाणी, पण खोली थक्क करणारी असते.

ठरलेलं बदलणं आणि इंद्रियांना होणारा त्रास या शहरात लपत नाही. फलाट बदलल्याची घोषणा झाली की हातपाय गळणं, क्लासची वेळ अर्धा तास पुढे गेली म्हणून संध्याकाळभर घालमेल. विसर्जनाच्या ढोल-ताशांत कान दाबून रडू येणं, युनिफॉर्मच्या कॉलरचं लेबल सहन न होणं, डब्यात वर्षानुवर्षं तीच पोळी-भाजी. हा हट्टीपणा नव्हे. त्या मुलाला आवाज आणि स्पर्श खरोखरच तितके बोचतात.

शाळेत दिवसभर शहाण्यासारखी वागून घराचं दार लागताच कोसळणारी मुलं बरीच असतात. मुलींमध्ये हे ‘मुखवटा घालणं’ जास्त दिसतं: मैत्रिणीचं हसणं, वाक्यं, हातवारे यांची नक्कल करून त्या दिवस काढतात. म्हणून ‘शाळेत काहीच तक्रार नाही’ या शिक्षकांच्या वाक्यावर तपास थांबवू नका.

आता सगळ्यात मोठी चूक. काल-परवापर्यंत मित्रांत रमणारं मूल पंधराव्या वर्षी अचानक एकलकोंडं झालं, तर तो ॲस्पर्जर नव्हे. नैराश्य, छळ, व्यसन किंवा आणखी काही असेल आणि तेही तितकंच तातडीचं आहे. स्वमग्नतेची मुळं लहानपणात सापडलीच पाहिजेत. लाजाळू मुलाला समोरच्याचे इशारे कळतात, पण पुढे व्हायची भीती वाटते. इथे इशारेच निसटतात. एकाग्रतेची अडचण, म्हणजे एडीएचडी, आणि चिंता या दोन्ही स्वमग्नतेसोबतही असू शकतात. एक सापडलं म्हणून दुसरं नाही, असं धरू नका.

डॉक्टरांकडे जाण्याआधी तीन आठवडे वही ठेवा. प्रत्येक प्रसंगाची तारीख, आधी काय झालं, मूल नेमकं काय बोललं किंवा वागलं, शांत व्हायला किती वेळ लागला. ‘चिडका आहे’ असं लिहू नका; ‘आमटीचा वास आला, ताट ढकललं, चाळीस मिनिटं खोलीत’ असं लिहा. सोबत बालवाडीपासूनचे शेरे, जुने व्हिडिओ आणि आजी-आजोबांच्या आठवणी गोळा करा. वेगवेगळ्या विषयांच्या दोन शिक्षकांकडून चार ओळी लिहून घ्या. कानांची तपासणी उरकून घ्या. वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग संस्थेत ती होते.

निदान मानसोपचारतज्ज्ञ, विकासात्मक बालरोगतज्ज्ञ किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट करतात. इंटरनेटवरची प्रश्नावली फार तर जायचं की नाही एवढं सांगते. मुंबई महापालिकेच्या केईएम, सायन, नायर रुग्णालयांत सकाळी केसपेपर काढून सुरुवात करता येते. एका भेटीत काम होत नाही, हे धरूनच जा. तज्ज्ञ दोन गटांत लक्षणं शोधतात. संवादाच्या तिन्ही बाजू: देवाणघेवाण, हावभाव आणि नाती जोडणं-टिकवणं. शिवाय पुनरावृत्तीच्या चारांपैकी किमान दोन: त्याच त्या हालचाली किंवा बोलणं, बदल न सोसणं, पकडून ठेवणारी आवड, इंद्रियांचा त्रास.

दिव्यांगत्वाच्या सरकारी प्रमाणपत्रासाठी ‘इसा’ (ISAA) ही स्वमग्नतेची भारतीय मोजपट्टी वापरतात: ४० मुद्दे, प्रत्येकी १ ते ५ गुण. ७० च्या खाली स्वमग्नता धरत नाहीत, ७० ते १०६ सौम्य. अस्खलित बोलणारं मूल ७० च्या खाली येऊ शकतं. तेव्हा प्रमाणपत्र हुकलं तरी मुलाची अडचण खोटी ठरत नाही; लेखी अहवाल मागून घ्या आणि तो शाळेला दाखवा. दहावीला तासाला २० मिनिटं जास्त किंवा लेखनिक हवा असेल, तर नववीतच शाळेमार्फत कागद हलवायला लागा. दहावीच्या दिवाळीत धावपळ सुरू केली तर बरेचदा उशीर झालेला असतो.

मूल जगणं नको म्हणत असेल किंवा स्वतःला इजा करत असेल, तर वही-बिही बाजूला ठेवा. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

तपासणीची तारीख लांबची मिळाली तरी घरी आजपासून काही बदलता येतं. सूचना एका वेळी एकच द्या. उद्याचा बदल आदल्या रात्री सांगा आणि कागदावर लिहून कपाटावर चिकटवा. शाळेतून आल्यावर पहिला अर्धा तास ‘आज काय शिकवलं?’ विचारू नका. आणि ‘जरा लवकर ये’ म्हणण्याऐवजी ‘साडेसातला ये’ म्हणा.