उन्हाळ्यात ग्रो लाइटखालची भाजी का बिघडते? या चुका टाळा

घरात ग्रो लाइटखाली, म्हणजे रोपं वाढवायच्या विजेच्या दिव्याखाली, भाजी लावणाऱ्यांच्या तक्रारी मार्चअखेरीपासून सुरू होतात आणि त्या बहुतेक सारख्याच असतात. लेट्यूसला दांडा सुटला, पानं कडू झाली, कोथिंबीर हाताला लागायच्या आत फुलोऱ्यावर आली, मुळं तपकिरी पडली. थंडीत याच खोलीत, याच दिव्याखाली सगळं छान चाललं होतं. मग कुणी कॅल्शियमची बाटली आणतं, कुणी बुरशीनाशक, तर कुणी थेट एसीच्या दुकानात जातं.

माझं सांगणं असं की आधी दिव्याकडे बघा: तो किती वॅटचा आहे, किती तास चालतो आणि कुठल्या वेळी चालतो. खोलीत सोडलेली उष्णता बाहेर काढायला पैसे पडतात. ती मुळात कमी सोडायला काहीच पडत नाही.

एलईडी थंड असते, हा गैरसमज

एलईडी जुन्या सोडियम दिव्यापेक्षा कमी तापते, कारण तेवढ्याच उजेडासाठी ती कमी वीज खाते. पण खाल्लेल्या विजेची शेवटी उष्णताच होते. पानावर पडलेला उजेडसुद्धा थोडा वाढीत जातो आणि उरलेला सगळा ऊब होऊन खोलीत राहतो. म्हणजे २०० वॅटचा दिवा हा खोलीसाठी २०० वॅटचा हीटरच.

त्यामुळे पानं करपायला लागली की दिवा वर उचलायचा, हा उपाय अर्धाच आहे. पानाला उजेड कमी मिळतो, पण खोलीतली उष्णता तेवढीच राहते. दिव्याला डिमर असेल तर तीव्रता खाली आणा. डिमर नसेल आणि दिव्याच्या पट्ट्या सुट्या बंद करता येत असतील, तर एक पट्टी बंद ठेवा. ड्रायव्हरही (दिव्याला वीज पुरवणारा डबा) तापतो. तो सुटा होत असेल तर वायर लांबवून टेंटच्या, म्हणजे झाडं ठेवायच्या कापडी तंबूच्या, बाहेर भिंतीला लावा.

खोक्यावरच्या आकड्यावरही विसंबू नका. ‘१००० वॅट’ असं मोठ्या अक्षरात छापलेले स्वस्त पॅनल प्रत्यक्षात बऱ्याचदा शंभरेक वॅटच ओढतात. प्लगला लावायचं छोटं वॅटमीटर मिळतं, ते लावून खरा आकडा बघा. त्याशिवाय पंखा केवढा घ्यायचा याचा हिशेबच करता येत नाही.

दुसऱ्या पिकाचे आकडे लेट्यूसला लावणं

इनडोअर लागवडीबद्दल इंटरनेटवर जे लिहिलं जातं, त्यातलं बरंच गांजासाठीचं असतं. कॅनडात २०१८ पासून गांजा कायदेशीर झाला, त्यामुळे तिथे घरच्या टेंटवर भरपूर लिहिलं गेलं. आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याखाली परवान्याशिवाय ही लागवड गुन्हा आहे. टेंट, दिवे आणि पंखे तेच असल्यामुळे तो सल्ला मात्र जसाच्या तसा इकडे उतरतो. फुलावर आलेल्या त्या झाडाला पीपीएफडी (पानावर पडणाऱ्या, झाडाच्या कामाच्या उजेडाचं माप) ६०० ते ९०० सहज चालतो. लेट्यूसला २०० ते २५० पुरतो. मे महिन्यात पुण्याच्या फ्लॅटमध्ये लेट्यूसवर ६०० चा मारा केला, तर पान जळणार आणि वीजबिलही वाढणार.

पीपीएफडी मीटर महाग असतो. पांढऱ्या एलईडीखाली मोबाइलच्या लक्समीटरने अंदाज घेता येतो: साधारण ७० लक्स म्हणजे १ पीपीएफडी. १४,००० लक्सच्या आसपास दिसलं की २०० झाला. उन्हाळ्यात एवढ्यावर रोज १४ तास द्या. भाजी थंडीपेक्षा थोडे दिवस उशिरा तयार होईल, पण धड निघेल.

दुपारी दिवा लावणं

सर्वांत महाग पडणारी चूक हीच. बाहेर ४० अंश तापमान, भिंती तापलेल्या, आणि आत आपण आणखी २०० वॅट ओततो. टायमर उलटा करा. संध्याकाळी ७ ला दिवा लावा आणि सकाळी ९ ला बंद करा. पुण्यात मे महिन्यातही रात्री हवा उतरते, त्यामुळे खिडकी उघडी ठेवून पंख्यावर भागतं. नागपूर-अकोल्याकडे रात्रही तापलेलीच असते. तिथे एवढ्याने प्रश्न सुटत नाही, तरी दुपारचा ताण टळतो. स्मार्ट मीटरवर दिवसाच्या विजेला सवलत मिळते म्हणून कुणी दिवसाच दिवा लावत असेल, तर थंडाव्याचा खर्चही त्या हिशेबात धरा.

यात एक खाच आहे आणि ती पटकन लक्षात येत नाही. दिवा रात्री लावला आणि दिवसा खिडकीतून ऊन येत राहिलं, तर झाडाला रात्र उरतच नाही. लेट्यूस आणि कोथिंबीर मोठा दिवस आणि उष्मा मिळाला की फुलायला निघतात. मग ‘रात्रीचा दिवा मानवला नाही’ अशी तक्रार येते. दिवसा टेंटची चेन पूर्ण लावा, किंवा खिडकीला जाड काळा पडदा लावा. पडद्याने उन्हाची झळही अडते.

खोलीचीच हवा खोलीत फिरवणं

एक्झॉस्ट फॅन हवा थंड करत नाही, ती फक्त हलवतो. टेंटमधली गरम हवा त्याच बंद खोलीत सोडली, तर तासाभरात खोली तापते आणि तीच हवा पुन्हा टेंटमध्ये शिरते. डक्टचं (हवा बाहेर नेणाऱ्या नळीचं) तोंड खिडकीबाहेर काढलं तरच उपयोग. अंदाजासाठी सोपा हिशेब: वॅटला ३ ने गुणा आणि आतबाहेर जितका फरक चालेल तितक्या अंशांनी भागा. २०० वॅट आणि ३ अंश धरले, तर ताशी २०० घनमीटर हवा बाहेर गेली पाहिजे. फिल्टर आणि वळणावळणाचा डक्ट असेल तर त्याहून मोठा पंखा घ्या.

कूलरचं गणित गावावर आहे. जळगाव, अकोला, नागपूरकडे हवा कोरडी असते. तिथे कूलर दहा-बारा अंशांनी हवा खाली आणतो, शिवाय पानं सुकवणारा कोरडेपणाही घालवतो. मुंबई, रत्नागिरी किंवा गोव्यात तोच कूलर लावला, तर आधीच दमट असलेली हवा आणखी दमट होते आणि बुरशी येते. तिथे रात्रीचा दिवा आणि गरज पडली तर एसी, एवढेच मार्ग.

पानांच्या कडा जळल्या की कॅल्शियम ओतणं

लेट्यूसचा गड्डा हाताने उघडून बघा. बाहेरची पानं टवटवीत आणि मधल्या कोवळ्या, मुडपलेल्या पानांच्याच कडा तपकिरी, कागदासारख्या झाल्या असतील, तर तो टिपबर्न. कॅल्शियम पाण्याच्या ओढीबरोबर पानात जातं. मधली पानं बंद असतात, त्यांच्याभोवती हवा हलत नाही, बाष्प उडत नाही, म्हणून खतपाण्याच्या द्रावणात कॅल्शियम भरपूर असूनही तिथे पोचत नाही. जास्त उजेडाने पान भराभर वाढतं आणि तुटवडा आणखी वाढतो. उपाय दोन: उजेड कमी करा आणि छोटा पंखा असा लावा की वारा वरून गड्ड्याच्या मध्यावर हलका लागेल. पानं नुसती थरथरली पाहिजेत, फडफडायला नकोत.

हवेकडे लक्ष, पाण्याकडे नाही

हायड्रोपोनिक्समध्ये, म्हणजे मातीशिवाय खतपाण्यावर केलेल्या लागवडीत, खरं नुकसान टाकीत होतं. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. नेमकी त्याच वेळी मुळांची गरज वाढलेली असते आणि मुळं कुजवणाऱ्या पिथियमला गरम पाणी मानवतं. मुळं पांढरी राहत नाहीत, बुळबुळीत होतात, बोटांत धरून ओढलं तर वरची साल निघून आत दोरा उरतो आणि टाकीला कुबट वास येतो. अशा वेळी द्रावणात आणखी खत घालणं म्हणजे आगीत तेल.

पाणी २५ अंशांच्या खाली ठेवा. टाकी जमिनीवर, सावलीत, बाहेरून पांढरी किंवा चंदेरी असू द्या. कोरड्या भागात तिला ओलं गोणपाट गुंडाळा, माठाचंच तत्त्व आहे. दुपारी गोठवलेली पाण्याची बंद बाटली टाकीत सोडा आणि वितळली की बदला. हवेचा पंप टाकीबाहेर थंड जागी ठेवा, नाहीतर तो गरम हवाच आत ढकलत राहतो.

गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी नळाला अक्षरशः कढत येतं. तेच घाईघाईने भरलं की मुळं भाजतात. रात्री बादली भरून ठेवा आणि सकाळी ओता. उन्हाळ्यात झाड खतापेक्षा पाणी जास्त पितं, त्यामुळे उरलेलं द्रावण घट्ट होत जातं. रोजची भर साध्या पाण्याने करा आणि लेट्यूससाठी ईसी (द्रावणात खत किती विरघळलंय ते सांगणारा आकडा) १ च्या आसपास ठेवा.

दुपारी वीज गेली तर दिव्याची काळजी नको, पंपाची करा. पाइपमध्ये वाहत्या पाण्याची पद्धत असेल, तर रोपं अर्ध्या तासात माना टाकतात. पंपाला छोटा इन्व्हर्टर लावाच.

हट्टाने लेट्यूसच लावणं

तापमान ३० अंशांच्या वर गेलं की लेट्यूसचं बी सहसा उगवतच नाही. बी खराब निघालं म्हणून दुकानदाराशी भांडू नका. ओल्या टिश्यूत गुंडाळून दोन दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि मग थंड जागी पेरा. पण एसी नसेल तर एप्रिल-मेमध्ये मी लाल माठ आणि बेसिल घ्यायला सांगेन. माठाला उष्मा मनापासून आवडतो, बेसिल २८-३० अंशांत खुलते. लेट्यूसची रोपं जूनच्या मध्याला, पाऊस पडून रात्री थंड झाल्या की टाका, आणि तेव्हा कूलर उचलून ठेवा.