व्हिडिओ लावण्याआधी गणित समोर घ्या

इंजिनिअरिंगच्या ज्युनिअर्सना शिकवायला बसलो की पहिली तक्रार ठरलेली असते: "दादा, लेक्चरचा व्हिडिओ लावतो, पण बघायची इच्छाच होत नाही." हीच मुलं पीएलमध्ये, म्हणजे परीक्षेआधीच्या अभ्यासाच्या सुट्टीत, पेपर डोक्यावर आला की रात्र-रात्र यूट्यूबवर असतात. म्हणजे इच्छा असते, पण गरज पडल्याशिवाय ती जागी होत नाही. म्हणून मी आधी गरज तयार करायला सांगतो.

बेंडिंग मोमेंटचंच घ्या, म्हणजे भारामुळे बीमला वाकवणारा जोर. सहा मीटरचा सिम्पली सपोर्टेड बीम, म्हणजे दोन टोकांना नुसता टेकवलेला, आणि मध्यभागी 10 किलोन्यूटनचा भार. व्हिडिओ लावायच्या आधी हे गणित वहीत उतरवा आणि जमेल तेवढं सोडवा. दोन्ही टोकांच्या प्रतिक्रिया, म्हणजे आधारांनी वर दिलेला जोर, पाच-पाच किलोन्यूटन, हे बहुतेकांना येतं. पुढे मोमेंटपाशी गाडी अडते. तिथे व्हिडिओ लावा, व्हिडिओतले सर प्रतिक्रिया काढून झाले की थांबवा, आणि मध्यभागचा मोमेंट, प्रतिक्रिया पाच गुणिले टोकापासूनचं अंतर तीन, म्हणजे 15 किलोन्यूटन-मीटर, हे स्वतः काढा. मग पुढे चालू करा. उत्तर जुळलं की पुढचं गणित मागायला मुलं स्वतःहून येतात, हे मी कितीदा तरी पाहिलंय. दुप्पट वेगाने अख्खा 'वन शॉट', म्हणजे सगळा धडा एकाच व्हिडिओत, बघून तो आनंद मिळत नाही. सगळं समजल्यासारखं वाटतं आणि कोऱ्या कागदापुढे हात थांबतो.

मराठी माध्यमातून किंवा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांना आणखी एक सांगावंसं वाटतं. वर्गात तोच प्रश्न पुन्हा विचारायचा संकोच वाटतो, इंग्रजी भरभर कानावरून जातं. व्हिडिओ हवा तितक्या वेळा मागे न्या. मराठीतून किंवा हिंदीतून संकल्पना समजून घेऊन मग इंग्रजी लेक्चर ऐकलं तरी चालतं. त्यात कमीपणा काहीच नाही.

एकट्याने टिकत नसेल तर एनपीटीईएलचा ऑनलाइन कोर्स घ्या. आयआयटी आणि आयआयएससीने 2003 मध्ये सुरू केलेला हा उपक्रम. लेक्चर फुकट, फक्त परीक्षेची फी. दर आठवड्याच्या असाइनमेंटला 25 टक्के वजन, परीक्षेला 75. असाइनमेंटची तारीख टळत नाही, म्हणून अभ्यास होतो. हे कोर्स 'स्वयम' या सरकारी ऑनलाइन मंचावर चालतात. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2021 च्या नियमांनुसार एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत कोर्स 'स्वयम'वरून करता येतात, पण तुमचं कॉलेज कोणत्या कोर्सचे क्रेडिट धरतं ते नोंदणीच्या आधी विभागात विचारा. क्रेडिट मिळणार नाही हे सर्टिफिकेट हातात आल्यावर कळलं तर फार वाईट वाटतं.

पहिल्यांदा एकच कोर्स घ्या, तोही चालू सत्रातल्या विषयाला जोडलेला. आणि शक्य असेल तर वर्गातला एखादा मित्र किंवा मैत्रीण सोबत घ्या. असाइनमेंट आपापली सोडवा, अडलेलं मात्र एकत्र बसून सोडवा.