गटाने खत-बियाणं घेताय? या चुका टाळा

मृग तोंडावर आला की पारावर विषय निघतोच, यंदा सगळे मिळून माल आणू, स्वस्त पडेल. पडतोही, पण आमच्या परभणीकडच्या बावीस जणांच्या गटाने पहिल्या वर्षी पैसे कमी वाचवले आणि भांडणं जास्त केली.

पहिली चूक म्हणजे जिथे भाव उतरणारच नाही तिथे घासाघीस करत बसणं. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांची. दर सरकारने बांधलेला, शंभर जण गेले तरी तोच. अनुदानाच्या खतात गटाची बचत होते ती भाड्यात, हमालीत आणि लिंकिंगमध्ये, म्हणजे खतासोबत नको असलेला माल गळ्यात मारतात त्यात. ‘डीएपी पाहिजे तर ही बाटली पण घ्यावी लागेल’ हे वाक्य एकट्या माणसापुढे सहज निघतं, बावीस जणांपुढे निघत नाही. खरी सूट मागायची ती बियाणं, औषधं, विद्राव्य खतं आणि ठिबकच्या नळ्यांवर. तीही दोन-तीन दुकानांतून लेखी कोटेशन घेऊन.

डीएपीच्याच मागे पळणं ही दुसरी. एका गोणीत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद. सिंगल सुपर फॉस्फेटच्या तीन गोण्या आणि अर्धी गोणी युरिया घेतला तर जवळपास तेवढंच मिळतं, वर सोयाबीनला लागणारं गंधक येतं. तीन गोण्यांचं भाडं एकट्याला जड जातं, पण पूर्ण गाडी भरली की गोणीमागे थोडंच पडतं.

मागणीची यादी जूनमध्ये करू नका. एप्रिलमध्येच वहीत नाव, एकर, वाण, गोण्या आणि आगाऊ रक्कम लिहा. आगाऊ दिली नाही तर नाव धरायचं नाही, मग तो सख्खा चुलतभाऊ का असेना. आम्ही तिघांचं ‘देतो की’ वर धरलं होतं, तर टेम्पो आल्यावर सात गोण्या कुणाच्याच नव्हत्या. उधारीने माल उचलला तर गटाची सूट उधारीच्या चढ्या भावातच जिरते.

सगळ्यात महाग पडली ती बिलाची चूक. सोपं म्हणून सगळ्या सोयाबीनचं बिल एकाच्याच नावावर केलं. चौघांच्या रानात उगवण विरळ आली. दुकानात गेलो तर उत्तर मिळालं, ‘तुमच्या नावाने आम्ही काही विकलंच नाही.’ त्यात कुठली पिशवी कुठल्या लॉटची, कुणाकडे गेली, याची नोंद नव्हती. तेव्हापासून बिल ज्याचं त्याच्या नावाने, त्यावर वाण आणि लॉट नंबर, आणि वाटपाच्या वहीत लॉटपुढे सही. टॅग, रिकामी पिशवी आणि मूठभर बियाणं पीक निघेपर्यंत जपून ठेवायचं. उगवण फसली तर रान मोडून दुबार पेरायच्या आधीच तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या, म्हणजे तालुक्याची तक्रार निवारण समिती पंचनाम्याला येते. रान नांगरून टाकल्यावर दाखवणार काय?

तो दोष सगळा बियाण्याचा होता का, ही शंका मला अजून आहे. टेम्पो रात्री आला, पाऊस भुरभुरत होता, आणि आम्ही पिशव्या वरून खाली धाडधाड टाकल्या. सोयाबीनचं टरफल पातळ असतं, आपटलं की अंकुराला मार बसतो. आता पिशव्या हातोहात उतरवतो, थप्पी बुटकी ठेवतो आणि वाटपाआधी प्रत्येक लॉटचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळतो. सत्तरच्या वर कोंब आले तरच वाटप. याला आठवडा जातो, म्हणून बियाणं मेमध्येच गावात हवं. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं बियाणं घ्यायचं असेल तर १८ मेच्या खरीप मेळाव्याला पहाटेच रांग धरा.

डीएपीची शंका आली तर चार दाणे तळहातावर घ्या, त्यावर तंबाखूचा चुना टाकून चोळा. नाकात झोंबणारा उग्र वास आला तर डीएपी असण्याची शक्यता जास्त. नाही आला तर गोणी शिवलेलीच ठेवून कृषी अधिकाऱ्यांना नमुना घ्यायला सांगा.

अनुदानाचं खत घेताना दुकानातल्या मशीनवर आधारचा अंगठा ज्याचा त्याने द्यायचा. सगळ्या गोण्या एकाच्या आधारवर निघाल्या की चौकशी त्याच्याच मागे लागते. आणि उरलेला माल गटाबाहेर विकायचा मोह झाला तर थांबा, त्याला परवाना लागतो.

औषधाचा मोठा डबा स्वस्त पडतो खरा, पण तो थंड पेयाच्या बाटल्यांतून वाटू नका. आमच्याकडे अशी एक बाटली फडताळात पाण्याच्या तांब्याशेजारी सापडली होती.