घरी बायबल स्टडी ठेवताय? आधी खुर्च्यांचं बघा

आमच्या वास्कोच्या फ्लॅटमध्ये पहिल्यांदा बायबल स्टडी ठेवली तेव्हा मी दोन दिवस नुसती घर घासत होते, पडदे धुतले, शोकेसमधली एकूण एक वस्तू पुसली, आणि संध्याकाळी १४ माणसं आली तर नीट बसायला जागा ८ जणांनाच. वरच्या मजल्यावरच्या आजी दाराशी स्टुलावर बसल्या, डोक्यावर पंखा खडखडत होता, आणि निघताना माझा हात धरून म्हणाल्या, "वचन चांगलंच असणार गं, पण मला काही ऐकू आलं नाही." तेव्हापासून माझी तयारी बदलली. आता मी आधी विचार करते की जे सगळ्यात म्हातारं आहे, किंवा जे पहिल्यांदाच येतंय आणि बुजलंय, ते माणूस कुठे बसणार, त्याला ऐकू येईल का, आणि बोलावंसं वाटलं तर त्याच्याकडे कोणाचं लक्ष जाईल का.

तर बसण्यापासून सुरू करा. सोफा भिंतीला सरकवा, टीपॉय आतल्या खोलीत, आणि गोल करून बसवा. शाळेसारख्या रांगा लावल्या की मागचे गप्पच राहतात, हे मी कितीदा बघितलंय. गुडघे दुखणाऱ्यांना हाताची खुर्ची द्या, बाथरूमच्या जवळ, आणि वाचणाऱ्याच्या समोर. तरुण मंडळी चटईवर बसतात, त्यांना काही वाटत नाही. दाराजवळच्या २ खुर्च्या मात्र रिकाम्या ठेवा, उशिरा येणाऱ्याला सगळ्यांचे पाय ओलांडत आत जायला लागलं तर तो पुढच्या वेळी येतच नाही. पंखा खडखडत असेल तर आदल्या दिवशी दुरुस्त करून घ्या किंवा बंद ठेवून टेबल फॅन लावा. आणि पडद्यांपेक्षा बाथरूम बघा, फरशी कोरडी, बल्ब चालू, साबण, टॉवेल, दाराची कडी नीट लागते ना. अनोळखी घरात बाथरूम कुठे म्हणून विचारायला बायकांना संकोच वाटतो, म्हणून आल्या आल्या तुम्हीच दाखवून ठेवा.

पावसाळ्यात आपल्याकडे वेगळं गणित असतं. बाल्कनीवरच्या पत्र्यावर धो धो पाऊस आपटायला लागला की शेजारी बसलेल्याचंही ऐकू येत नाही, अशा वेळी ओरडत बसू नका, ५ मिनिटं थांबा, सगळ्यांनी तोच भाग मनात वाचावा. छत्र्यांसाठी जिन्यात एक बादली, दारात जुनं गोणपाट, चपला एका बाजूला. चादरी-उशांना कुबट वास येतो तो सकाळी खिडक्या उघडून घालवा. लाईट जाणारच असं धरून चाला, इन्व्हर्टर नसेल तर चार्जिंगचे २ दिवे आधीच चार्ज करून ठेवा. आणि हवा खेळती ठेवा, बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या २० व्या अध्यायात प्रेषित पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला, माडीवर पुष्कळ दिवे होते, आणि खिडकीत बसलेला तरुण झोपेने तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौल खाली गेला आणि तो मुलगा जिवंत उठला, पण आपण आपलं दीड तासात संपवायचं. साडेसहाला सुरू, आठपर्यंत शेवटची प्रार्थना संपली, बास.

दिवस ठरवताना वाड्यात विचारा. शनिवारी संध्याकाळी कॅथलिक शेजारी रविवारच्या मिसाला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला जातात, लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, शुक्रवारी क्रूसाची वाट ही प्रार्थना असते, २४ नोव्हेंबरपासून ओल्ड गोव्याला सायबाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या नोव्हेना (नऊ दिवसांच्या प्रार्थना) आणि ३ डिसेंबरला फेस्त, म्हणजे त्याचा सण. चतुर्थीच्या आठवड्यात तर ठेवूच नका, हिंदू शेजारी सणात असतात आणि आपणही त्यांच्याकडे जायचं असतं.

शेजाऱ्यांना बोलावताना काय आहे ते सरळ सांगा. "चहाला या" म्हणून बोलवायचं आणि आल्यावर बायबल काढायचं, हे मला अजिबात पटत नाही, त्याने विश्वास तुटतो तो परत जुळत नाही. "गुरुवारी आमच्याकडे बायबल वाचतो, प्रार्थना करतो, यावंसं वाटलं तर या, नाही आलात तरी काही नाही" एवढं पुरे. जो नुसता ऐकायला आलाय त्याला वाचायला किंवा प्रार्थना करायला लावू नका. खालच्या मजल्यावर आणि घरमालकाला आधी सांगून ठेवा, किती माणसं येणार, स्कूटर कुठे लागणार. माइक-स्पीकर नकोच, २० माणसांच्या खोलीत त्याची गरज काय, टाळ्या आणि एक ढोलकी पुरते, तीही खिडकी अर्धी लावून, कारण खाली कोणाचं तरी बाळ झोपलेलं असतं.

बायबलं मोजा. मराठी ४-५ प्रती जास्तीच्या ठेवा, त्यात एक मोठ्या टाइपाची. आमच्याकडे मराठी, हिंदी, इंग्लिश आणि कोंकणी रोमी लिपीतलं, सगळं एकत्र चालतं. आपण योहान म्हणतो त्याला कोंकणीतून वाचणारे कॅथलिक जुवांव म्हणतात, आपला येशू त्यांचा जेजू, आणि त्यांच्या बायबलमध्ये ७३ पुस्तकं, आपल्यात ६६, त्यामुळे पान सापडायला वेळ द्या, नुसता आकडा सांगून पुढे धावू नका. कोणतं बायबल खरं यावर त्या खोलीत वाद घालू नका. उलट एकच वचन ३ भाषांत वाचा, कधीकधी एका शब्दावर सगळे थांबतात आणि तिथूनच खरी चर्चा सुरू होते. आणि मोठ्याने वाचा, सावकाश. याच गोव्यात राशोलला १६१६ साली फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण, बायबलची कथा सांगणारं मराठी काव्य, छापलं गेलं तेही ओवीत, ऐकणाऱ्याच्या कानाला धरून, आणि आजही आपल्यात चष्मा विसरलेले, वाचायला न येणारे असतातच, त्यांना हातात पुस्तक दिलं की ते कानकोंडे होतात. कोणाला वाचायला सांगायचं ते आधी बाजूला घेऊन विचारा.

काय वाचायचं? नवीन ग्रुप असेल तर मार्कचं शुभवर्तमान घ्या, १६ अध्याय, गोष्टी भरभर पुढे जातात. महिनाभरच जमणार असेल तर रूथ किंवा फिलिप्पैकरांस पत्र, दोन्ही ४-४ अध्यायांची. मी पहिल्या दिवशी मार्कचा दुसरा अध्याय घेते, घरात इतकी गर्दी की ४ जण पक्षघाती माणसाला छप्पर उसकटून खाली सोडतात. आपल्याही घरात लोक दाटीने बसलेले असतात, त्यामुळे चर्चा आपोआप होते. "इथे तुम्हाला काय दिसतं?" एवढा प्रश्न विचारा आणि गप्प राहा, ती शांतता भरून काढायची घाई करू नका.

खाण्याचं थोडक्यात. चहा आणि एक वस्तू. पदेर, म्हणजे पाववाला, संध्याकाळी येतो त्याच्याकडून पाव घ्या, सोबत पातळ भाजी, नाहीतर शिरा, उन्हाळ्यात कोकम सरबत. पहिल्या घरी केक-सामोसे-पॅटिस झाले की दुसरी बाई म्हणते आमच्याकडे नको, आणि जिला परवडत नाही तिचं घर कायमचं बंद राहतं, हे आमच्या ग्रुपमध्ये झालंय आणि मला त्याचं आजही वाईट वाटतं. लूकच्या १० व्या अध्यायातली मार्था कामात गुंतून कासावीस झाली, तसं तुम्ही किचनमध्ये अडकलात तर यजमानच वचनाला मुकतो. चहा थर्मासमध्ये भरून ठेवा आणि येऊन बसा. पोरांसाठी आतल्या खोलीत कागद, रंग आणि एक मोठी मुलगी लक्ष द्यायला, ती मात्र दर वेळी बदला, तिलाही बाहेर बसायचं असतं.

शेवटी प्रार्थनेच्या वेळी लोक मनातलं बोलतात, नवऱ्याचं पिणं, मुलाची सुटलेली नोकरी, तपासणीचा रिपोर्ट. सुरुवातीलाच सांगा की इथलं इथेच राहील. कोणी रडत असेल तर पाणी आणि रुमाल द्या, फोटो काढू नका, आणि "अमुक बहिणीसाठी प्रार्थना करा" म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर तिला न विचारता टाकू नका. एकदा असं बाहेर गेलं आणि एक बहीण यायची थांबली ती थांबलीच, किती वेळा घरी जाऊन आले तरी.

आठला दार उघडा, जिन्यातला लाईट लावा, एकट्या जाणाऱ्या बाईला कोण सोडणार ते बघा. ज्यांच्याकडून खुर्च्या आणल्या त्यांना त्याच रात्री पुसून परत द्या, पुढच्या गुरुवारी पुन्हा मागायच्या आहेत. आमच्याकडे आता एकच खुर्ची घरात राहते, हाताची, वाचणाऱ्याच्या समोरची, आजींची.