कादंबरीत मुंबई कोसळवताय? या चुका टाळा

जग कोसळून तीन आठवडे झालेत, मोठी माणसं गायब आहेत आणि परळच्या चोविसाव्या मजल्यावरची सोळा वर्षांची नायिका सकाळी उठून मस्त आंघोळ करते. कुमारवाचकांसाठी अशा कादंबऱ्या लिहिणारे अंधार हौसेने रंगवतात, पण पाण्याचं विसरतात.

टॉवरमध्ये पाणी खालच्या टाकीतून पंपाने गच्चीवर चढतं. वीज गेली की गच्चीवरची टाकी संपेपर्यंतच नळाला धार. पुढे बादली घेऊन चोवीस मजले. शहराचंही तेच. भातसा धरणाचं पाणी ठाणे जिल्ह्यातल्या पिसे इथे पंपाने उपसावं लागतं, ते पहिल्याच दिवशी थांबेल. तानसा-वैतरणा धरणांचं मात्र उताराने शहराकडे येतं. म्हणजे पाणी मिळालंच तर ते सखल भागातल्या चाळीच्या तळमजल्यावर, नाहीतर फुटक्या जलवाहिनीवर. आता त्या टॉवरवालीला कळशी देऊन चाळीतल्या रांगेत उभी करा. नंबर लावणाऱ्या काकी विचारतीलच, "कुठली गं तू? आमच्या नळावर कशी काय?" एवढं जमलं तर काळ्या गणवेशातल्या जुलमी सरकारवाचूनही कथा चालते. तसंही ते सरकार फार वापरून झालंय.

उजाड म्हटलं की धूळ आणि पिवळं आकाश, हीदेखील उसनी सवय. मुंबईत जून येतो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह इथे पाणी समुद्रात फेकणारी पंपिंग स्टेशनं उभी राहिली. तुमच्या कथेत तीही बंद आहेत. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की दादर-परळचा सखल हिंदमाता परिसर पाण्याखाली, हे गृहीतच धरा. प्रकरणं लिहिताना भरती-ओहोटीचं कोष्टक शेजारी असू द्या.

पहिल्या प्रकरणात प्रलयाचा इतिहास नको. 12 ऑक्टोबर 2020 ला वीजपुरवठ्याची ग्रिड कोलमडली, लोकल जागच्या जागी थांबल्या आणि माणसं उतरून रुळांवरून चालायला लागली. कारण मागाहून कळलं. तुमच्या पोरांनाही मागाहूनच कळू दे.

सगळ्या मोठ्यांना एका वाक्यात मारून टाकण्याचा मोह तर फारच. एक आजी ठेवा. तिचं इन्सुलिन थंड कुठे ठेवायचं, यावर दोन प्रकरणं आरामात निघतात.

आणि अंतरं तपासा. सीएसएमटी ते ठाणे रुळांवरून 34 किलोमीटर. आजीला घेऊन हे एका रात्रीत होत नाही. शीव-कुर्ल्याला रूळ पाण्यात असतील, तिथे मुक्काम पडणारच. कल्याणकडे जायचं तर ठाण्यापुढे पारसिकचा बोगदा आहे, सव्वा किलोमीटरहून लांब. तो एका ओळीत ओलांडू नका. आत शिरायचं की मुंब्र्याकडून वळसा घालायचा, यावरून पोरांना आधी भांडू द्या.