नाण्याचा फोटो: सेटिंग्ज एकदाच, दिवा दरवेळी

नाण्याचा फोटो मनासारखा येईना, की पहिला संशय कॅमेऱ्यावर जातो. माझा अनुभव वेगळा आहे. कॅमेऱ्याची सेटिंग्ज एकदा बसली की महिनोन्‌महिने तीच चालतात. प्रत्येक नाण्यासाठी नव्याने जुळवावा लागतो तो दिवा. म्हणून कॅमेऱ्याचं काम आधी उरकून घेऊ.

१. कॅमेरा बसवा

कॅमेरा स्टँडवर, लेन्स सरळ खाली. नाण्याच्या जागी छोटा सपाट आरसा ठेवा. स्क्रीनवर लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मधोमध दिसलं, म्हणजे कॅमेरा आणि नाणं समांतर आहेत. हे चुकलं तर नाण्याची एक कड धूसर येते. ९० ते १०५ मिमीची मॅक्रो लेन्स असेल तर उत्तम. दिवा ठेवायला मध्ये पुरेशी जागा राहते.

२. सेटिंग्ज लावा

मॅन्युअल मोड, आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर एफ/८ (लेन्सचं छिद्र; आकडा मोठा तितकं छिद्र लहान), फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली). सगळं शार्प यावं म्हणून एफ/१६ वर जायचा मोह टाळा. नाणं सेन्सरवर त्याच्या मूळ आकाराएवढं उमटत असेल, तेव्हा एफ/८ प्रत्यक्षात एफ/१६ सारखं वागतं आणि एफ/१६ तर एफ/३२ सारखं. मग विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, बारीक अक्षरांची धार जाते. शटर मंद असलं तरी बिघडत नाही, २ सेकंदांचा टायमर मात्र लावाच. फोकस हातानेच करा, स्क्रीनवर अक्षरं मोठी करून.

व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) करड्या कार्डावर घ्या. ऑटोवर ठेवलात तर तांब्याचा तांबूसपणा कॅमेरा परस्पर कमी करून टाकतो.

३. दिवा फिरवा

खिडकीचा पडदा ओढा, खोलीतले बाकीचे दिवे बंद करा. दोन रंगांचा प्रकाश मिसळला की नाणं एकीकडे पिवळं, दुसरीकडे निळसर दिसतं आणि ते नंतर दुरुस्तही होत नाही. सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० च्या वर असलेला एलईडी दिवा घ्या. सुरुवातीला एकच.

नाणं म्हणजे घड्याळाची तबकडी समजा. दिवा १० च्या आकड्यापासून २ पर्यंत हळूहळू न्या आणि नजर स्क्रीनवर ठेवा. नव्या चांदीच्या नाण्यावर झळाळीचा पट्टा दिव्याबरोबर फिरताना दिसेल. मध्येच एका जागी चेहऱ्यावरच्या केसांची बट न् बट सुटी होते, अक्षरांच्या कडेला बारीक सावली धरते. तिथेच थांबा. दुसरा दिवा लागलाच तर तोही १० ते २ च्या मधेच, पहिल्याच्या पलीकडच्या बाजूला, जरा लांबून द्या. ६ च्या बाजूने मात्र प्रकाश देऊ नका: प्रकाश वरून येतो हे डोळ्याने गृहीत धरलेलं असतं, त्यामुळे उठावाचा चेहरा खोल गेल्यासारखा दिसतो.

दिव्याची उंचीही तितकीच महत्त्वाची. लेन्सच्या जवळ, उंचावरून दिलेला प्रकाश रंग आणि झळाळी दाखवतो. आडवा, कमी उंचीवरून येणारा प्रकाश उठाव आणि ओरखडे. झिजून अक्षरं पुसट झालेल्या नाण्याला मी नेहमी आडवाच देते. चकाकी बोचत असेल तर दिव्यापुढे ट्रेसिंग पेपर धरा, पण एकच पातळ थर. जास्त झाला की चांदी शिशासारखी निर्जीव दिसते.

आता शटरचा वेग ठरवा. हिस्टोग्राम (फोटोतला गडद-उजळ भाग दाखवणारा आलेख) उजव्या टोकाला आपटत असेल तर वेग वाढवा. पांढरा पडलेला तपशील परत मिळत नाही.

४. आरशासारखी प्रूफ नाणी

प्रूफ म्हणजे संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेली नाणी. यांची पार्श्वभूमी नुसती काळी येते. लेन्स आणि नाण्याच्या मध्ये स्वच्छ काच ४५ अंशांत धरा आणि दिवा बाजूने काचेवर सोडा. काच तो प्रकाश सरळ खाली परावर्तित करते. दिव्याचा थेट प्रकाश नाण्यावर पडू नये म्हणून मध्ये काळा पुठ्ठा उभा करा.

नाणं कडेनेच धरा. धूळ दिसली तर हवेच्या ब्लोअरने उडवा, कापडाने कधीही पुसू नका. त्याचे चरे कायमचे राहतात. दुसऱ्या बाजूचा फोटो घेताना दिवे आहेत तिथेच राहू द्या आणि नाणं फिरवून सरळ करा, म्हणजे दोन्ही बाजूंचा रंग जुळतो.